घरचा काटा

रक्तदाबाचा पट्टा दंडाभोवती एक वेढा जास्त फिरला, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचा हात थांबला. मागच्या तिन्ही खेपांना नैराश्यावरचा विजेचा झटका देऊनही आकडी जेमतेम बारा सेकंद टिकली होती. पंचवीस तरी हवी. भूल जास्त झाली की आकडी दबते, आणि आकडी दबली की सारा उपचार पाण्यात. आजही गुण आला नाही, तर झटके थांबवायचं ठरलं होतं. कागदावर वजन होतं अठ्ठावन्न. खाटेवरची बाई मात्र चादरीत हरवली होती.

"काटा आणा," डॉक्टरबाई परिचारिकेला म्हणाल्या.

काटा सेहेचाळीसवर स्थिरावला.

बाहेर बाकावर नवरा बसला होता. तीस वर्षं दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. त्याने सांगितलेला आकडा पडताळावा, हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"काटेवाले, बारा किलो गेले कुठे?"

तो नखाशी चाळा करत राहिला. "घरचा काटा मीच पुढे लावलाय, डॉक्टरबाई. ती उतरेल तसतसा. रोज सकाळी उभी करतो अन् म्हणतो, बघ, गुंजभरही घटली नाहीस. तेवढीच उमेद."

"आणि इथेही तेच सांगितलंत?"

"ती शेजारी उभी होती हो."

डॉक्टरबाई आत जायला वळल्या.

"तिला कळू देऊ नका," तो म्हणाला.

आत येऊन त्यांनी हिशेब नव्याने मांडला, सिरिंजमधलं औषध कमी केलं, पुन्हा पडताळलं. महिनाभर कुणाशी न बोललेली बाई छताकडे पाहत म्हणाली,

"रागावलात का त्यांना?"

"नाही."

"नका रागावू. घरचा काटा तसाच राहू द्या. माझा आकडा पाहिला, की मगच ते दोन घास खातात."

औषध शिरेत उतरलं. आकडी चौतीस सेकंद टिकली. झटक्याआधीचं बोलणं जाग आल्यावर बहुधा आठवत नाही, हे डॉक्टरबाईंना ठाऊक होतं.

दाराशी नवरा उभाच होता.

"काट्याचं कळलं का तिला?"

डॉक्टरबाईंनी कागदावरचा अठ्ठावन्न खोडून सेहेचाळीस लिहिला आणि कागद छातीशी धरला.

"इथलं वजन यापुढे आम्ही करू," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी घरी नेहमीसारखं उभं करा त्यांना. आकडा मोठ्याने वाचा."