काठी नव्हे, स्टिक

“काठी मी धरणार नाही,” आमचे हे म्हणाले आणि डॉक्टरांनी दिलेली काठी त्यांनी नौपाड्याच्या त्या दवाखान्यातच, छत्र्यांच्या बादलीत उभी करून ठेवली.

“सखारामकाका, डावा पाय वापरला नाही तर कायमचा बसेल,” डॉक्टर म्हणाले. “रोज चाला. आधार घेऊन.”

“चालेन. आधाराशिवाय.”

रिक्षापर्यंत जाताना दोनदा माझ्या खांद्यावर कलंडले. तो आधार नव्हे, ती बायको.

मोहने गावच्या कारखान्यात हा माणूस चौतीस वर्षं फिटर होता. मशीन अडलं की साहेब स्वतः बोलवायला यायचा आणि हे आधी चहा संपवायचे. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून बाळकुमच्या आमच्या सातव्या मजल्यावर, गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. खाली गेलं की कुणीतरी ‘बिचारे’ म्हणणार, आणि तो शब्द त्यांना सोसत नाही. महिना गेला. पाय शेवग्याच्या शेंगेसारखा झाला. भाजी निवडताना मी त्या पायाकडे बघायची आणि चांगली पानंही तोडून टाकायची.

समोरच्या फ्लॅटमधले श्रीपादराव बँकेतून रिटायर झालेले. बिल्डरने खाली ताटाएवढी हिरवळ केलीय, तिला तीन भोकं पाडलीत आणि जाहिरातीत ‘गोल्फ’ म्हणून छापलंय. तिथे खेळणारे श्रीपादराव एकटेच.

“वहिनी, गोल्फ म्हणजे औषध आहे,” ते म्हणाले. “चालणं होतं, बीपी उतरतं, तोल सुधारतो, डोकं शांत राहतं. गोल्फ खेळणारे पाच वर्षं जास्त जगतात, वाचलंय मी.”

“पाच? आधी मला विचारायचं होतं.”

गॅलरीतून हे हसले. महिन्याने हसले, तेही माझ्यावर. श्रीपादरावांच्या चहात मी आलं जास्त घातलं.

दुसऱ्या दिवशी श्रीपादरावांनी आपली जुनी स्टिक आणि एक चेंडू आणून दिला. लोखंडी दांडा, खाली वाकडं तोंड. हे तिच्यावर भार टाकून उठले, दोन पावलं चालले. काठीच की ही, असं मी म्हणणार होते. शाळा माझी चौथीत सुटली, पण कधी गप्प बसावं एवढं कळतं.

“रंभे, टोपी कुठाय माझी?”

वॉचमनने सलाम ठोकला. तासाने वर आले आणि म्हणाले, “आज एकतीस.”

लिफ्टमध्ये श्रीपादरावांच्या सुमेधावहिनी भेटल्या. “यांचे एकतीस झाले,” मी म्हटलं. “तुमच्यांचे?”

“अकरा.”

“होतं हो. हळूहळू वाढतील.”

पुढच्या आठवड्यात यांचे चाळीस झाले. मी भाजीवाल्यालाही सांगितलं. तेव्हा सून सोनल मला बाजूला घेऊन म्हणाली, “आई, गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी, तो जिंकतो.”

“मग चाळीस?”

“चेंडू भोकात जातच नाहीये.”

“असला कसला खेळ. कमी काम करणाऱ्याला शाबासकी. बँकवाल्यांनीच काढला असणार.”

हे गॅलरीतून ऐकत होते. त्यानंतर आकडा उतरायला लागला. चोवीस, सोळा. गुरुवारी आले, स्टिक दाराशी टेकवली आणि म्हणाले, “नऊ.”

शुक्रवारी हे खाली गेल्यावर मी पलंगाखाली झाडू घातला, तर चेंडू बाहेर आला. वर धुळीची साय. म्हणजे नऊ फटके मारले कुणाला?

मी गॅलरीत गेले. हिरवळीकडे हे फिरकलेच नव्हते. इमारतीला फेऱ्या मारत होते, स्टिक टेकत, डावा पाय उचलत. कुणी समोरून आलं की थांबायचे, स्टिक उचलून हवेत एक फटका मोजूनमापून मारायचे. माणूस पुढे गेला की पुन्हा टेकायचे. मी उभी राहिले तेवढ्यात चार फेऱ्या झाल्या.

माझ्या जिभेवर तीन वाक्यं तयार होती. चांगली होती. गिळली.

चेंडू पदराने पुसला आणि त्यांच्या दुसऱ्या दिवसाच्या पँटच्या खिशात घातला.

सकाळी दाराशी त्यांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची टोपी सरळ करत होते.

“आज किती होतील?” मी विचारलं.

“बघू,” ते म्हणाले. “वारा आहे आज.”