गोलामागच्या बाया

सिंदीच्या कापूस यार्डामागच्या जागेला मैदान म्हणायला मन मोठं लागायचं. एका अंगाला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनची भिंत, दुसऱ्या अंगाला बाभळी, आणि उरलेल्या दोन्हीकडं काट्यावर नंबर लागायची वाट बघणाऱ्या कापसाच्या बंड्या. चेंडू बाहेर गेला की बैलाच्या पायाशी जाऊन थांबायचा, आणि बंडीवरचा माणूस तो लगेच परत फेकायचा. या एवढ्याशा जागेत श्रावणच्या पोरी तीन हंगामांत एकही सामना हरल्या नव्हत्या.

श्रावण यार्डातला काटेवाला. दिवसभर कापूस तोलायचा आणि दुपार कलली की गळ्यात शिट्टी अडकवून पोरींना फुटबॉल शिकवायचा. लोक आधी हसले, मग बघायला लागले, मग बंडीवर उभे राहून ओरडायला लागले. त्याची काजल गोलकीपर. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली, तेव्हापासून पोर काट्याच्या सावलीत, कापसाच्या गंजीवर वाढली. गंजीवरून उड्या मारणाऱ्या पोरीला पडायची भीती राहत नाही. गोलकीपर म्हणून तिचं शिक्षण म्हणायचं तर तेवढंच.

जिनमधल्या बायांची एक रीत होती. सामन्याच्या दिवशी पंधरा-वीस जणी केसांत रुई घेऊन काजलच्या गोलामागं येऊन उभ्या राहायच्या. मुकादम सुट्टी वाढवून द्यायचा, कारण त्यालाही बघायचं असायचं. अर्धा खेळ होऊन बाजू बदलली की या सगळ्या जणी मैदानाच्या मधून रांगेनं चालत पलीकडच्या गोलामागं जायच्या. पंच शिट्ट्या फुंकून दमले, पण देवकाबाई कडेनं जायला तयार नव्हती. ती जिनमधली सगळ्यांत जुनी. "पोरगी मंधातून गेली, मंग आमी काऊन फेऱ्यानं जाऊ?" असं ती पंचांनाच विचारायची. फुटबॉलचं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण कोण कुठून धावत येतंय, हे दिसत होतं, आणि ते ती मागून काजलला सांगत राहायची.

नव्याण्णवच्या जानेवारीत पोरी विभागाच्या फायनलला पोचल्या. जिंकल्या तर काजलला क्रीडा वसतिगृहात जागा, असं निवड करणाऱ्या बाईंनी तोंडावर सांगितलं होतं. दहावीनंतर शिक्षण, खेळ, दोन वेळचं जेवण, सगळं तिथं. हरल्या तर दहावीनंतर जिनमध्ये, रुई निवडायला. तिसरा रस्ता श्रावणला दिसत नव्हता.

फायनल सिंदीलाच ठरली होती, संक्रांतीनंतरच्या रविवारी. त्याआधी फुटबॉल संघटनेचे एक साहेब मैदान बघायला आले. त्यांनी बंड्या पाहिल्या, बैल पाहिले, चपलेला लागलेलं शेण पाहिलं.

"तुमच्याकडं गर्दी फार, असं ऐकून होतो," साहेब म्हणाले. "ही गर्दी आहे होय? ही तर काट्याची लाइन आहे. काटा बंद करा, एक माणूस फिरकणार नाही."

पोरी जवळच उभ्या होत्या. त्यांनीही ते ऐकलं.

मग साहेबांनी नागपूरच्या मोठ्या स्टेडियमचं सुचवलं. दहा हजार माणूस बसतं, म्हणाले. श्रावणला ते बोलणं चांगलंच झोंबलं होतं. एवढ्याशा जागेत पोरी अशा खेळतात, तर दहा हजारांपुढं कशा खेळतील! त्यानं तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं. भल्या माणसानं एक दिवस तरी विचार करायचा.

शुक्रवारी पत्र आलं, सामना नागपूरला. संक्रांतीपायी यार्ड आणि जिन तीन दिवस बंद होतं. बंडीवाले आपापल्या खेड्यात, जिनमधल्या बायाही. सायकलनं चार गावं फिरला असता तर निरोप पोचला असता. श्रावणनं सायकल बाहेर काढलीही होती. पण काटा बंद, म्हणजे लाइन नाही, आणि लाइन नाही तर सांगायचं कुणाला? आणि आणखीही एक होतं, जे तो स्वतःशीसुद्धा धड बोलला नाही. देवकाबाई आपल्या बाया घेऊन स्टेडियमच्या मधून चालत निघाली तर शहरातले लोक हसतील, याची त्याला लाज वाटली. त्यानं सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

"बाबा, बंडीवाल्याईले सांगतलं?" जेवताना काजलनं विचारलं. "देवका आजीले?"

"सांगतलं ना."

"येतीन त्या?"

"येतीन. तू खेळाकडं ध्यान दे."

रविवारी दहा हजारांच्या त्या जागेत मोजून चाळीस माणसं होती. त्यातली अर्धी समोरच्या संघासोबत बसमधून आलेली. चेंडू बाहेर गेला की गडगडत पार धावपट्टीपलीकडं जायचा आणि पोरींनाच धावत जाऊन आणावा लागायचा. बंड्यांच्या मधल्या जागेत पायाला पाय लावून चेंडू फिरवणाऱ्या त्या पोरी इथं एकमेकींना सापडेनात. ओरडलं तर आवाज रिकाम्या पायऱ्यांवरून परत यायचा. तरी अर्ध्या वेळेपर्यंत काजलनं एकही गोल होऊ दिला नाही.

मग बाजू बदलली. काजल मैदानाच्या मधून चालत निघाली, आणि मध्यावर थांबून तिनं मागं वळून बघितलं. श्रावणनं ते पाहिलं. ती कशासाठी थांबली, हे त्या स्टेडियमात फक्त त्याला ठाऊक होतं.

नंतर तीन गोल झाले. तिसरा तर अगदी साधा, उजवीकडून सरपटत आलेला. निवड करणाऱ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि समोरच्या संघाकडं गेल्या.

परतीच्या पॅसेंजरमध्ये काजल खिडकीशी बसली होती. बुटीबोरी गेल्यावर ती म्हणाली, "साहेब खरं म्हणत होते, नाई का बाबा? लाइनच होती ते. आपल्यासाठी कोणी येत नव्हतं."

तेव्हा तरी सांगायचं. पण श्रावणच्या तोंडून निघालं, "असंल."

सोमवारी यार्ड उघडलं. पहिलीच बंडी अण्णाजींची, पलीकडच्या खेड्यावरची. त्यांनी कापूस काट्याला लावायच्या आधी श्रावणलाच धरलं.

"कुठी गेलते बाप्पा तुमी सारे? काल अख्खं गाव आलतं इथं. बंडीत कापूस नाई, लेकरंबाया भरून आणल्या. साठावर बंड्या होत्या. दिवस बुडेपर्यंत वाट पाह्यली आमी. देवकाबाई उठूच देईना. म्हणे, बसा, पोरी येतीन."

श्रावणनं काटा तसाच सोडला आणि मैदानाकडं गेला. चाकांच्या चाकोऱ्या जिथल्या तिथं उमटल्या होत्या, नेहमीच्या जागी, नेहमीच्या अंतरानं. शेण होतं, कडबा होता, भुईमुगाची टरफलं होती. काजल तिथं आधीच आली होती, गोलाची जाळी सोडून न्यायला. आता ती काय कामाची, असं सकाळीच म्हणाली होती. पण जाळी तशीच होती. गोलाच्या खांबाला लुगड्याच्या चिंधीत काहीतरी बांधलेलं होतं आणि काजल ते सोडत होती. आत तिळगुळाचे चार लाडू होते. त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

"हे कोणं बांधलं?" तिनं विचारलं.

मग श्रावणनं सगळं सांगितलं. सायकलीचं सांगितलं, लाजेचंही सांगितलं. सांगताना त्यानं एकदाही तिच्याकडं बघितलं नाही. काजल रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हणजे त्या आलत्या," ती एवढंच म्हणाली.

मग तिला काय वाटलं कोण जाणे. लाडू ओंजळीत धरून ती पलीकडच्या गोलाकडं निघाली, सरळ मैदानाच्या मधून. त्या खांबालाही तशीच एक चिंधी बांधलेली होती. बाजू बदलल्यावर पोरगी इकडं येणार, हे देवकाबाईनं धरूनच ठेवलं होतं. काजल खांबाशी मटकन खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

श्रावणला तिच्याजवळ जायचं होतं. पण मधून जायची त्याची छाती झाली नाही. तो बाभळींच्या कडेकडेनं, फेऱ्यानं चालत निघाला.