चपलांचा सिनेमा

काशिरामने बनियनच्या टोकाने कॅमेऱ्याचं भिंग पुसलं, त्यावर तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा पुसलं. ओटीवर उन्हाचा चौकोन पडला होता. त्यात त्याने कॅमेरा ठेवला, शेजारी कापडी पिशवी ठेवली आणि दोन्ही हळूच मुलीकडे सरकवलं.

“सगल्या टेपा हायत. कम्प्युटरमदी घाल. लग्नाची आदी कर.”

“माझ्या लग्नाची?” विनिताने विचारलं.

“मंग काय माज्या?”

आत सुकट निवडत बसलेली गुणाबाई हसली. ती काशिरामची थोरली बहीण. विनिताची आई लवकर गेली, तेव्हापासून हे घर आणि विनिता, दोन्ही तिनेच सांभाळलं होतं.

“काय हाय त्या टेपेत? चपला,” ती म्हणाली. “याच्या सिनेमात नवरा-नवरीपेक्षा चपला जास्त.”

ही घरातली जुनी थट्टा. बंदरावर कामाला असलेल्या चुलतभावाने हा कॅमेरा आणून दिला, तेव्हापासून काशिराम भावकीतली हळद, बारशी, साखरपुडे सोडत नव्हता. पण चष्मा काढला की त्याला कॅमेऱ्यातलं लाल टिंब दिसायचं नाही, आणि चष्मा लावला की डोळा भिंगापर्यंत पोचायचा नाही. त्यामुळे चालू करायला म्हणून दाबलेल्या बटणाने कॅमेरा बंद व्हायचा आणि बंद केला असं समजून तो हातात लोंबत ठेवला की इमानेइतबारे चालू राहायचा. एकदा फेर चुकला की पुढचं सगळं उलटंच. मंगलाष्टकं नाहीत, हार नाहीत; मांडवातली लाल माती आणि तिच्यावरून चाललेल्या चपला.

“माझ्या लग्नाची टेप एवढ्या वर्षांत एकदाही का नाही लावलीस?” विनिताने विचारलं.

“लावली की झिजते टेप.”

“एकदा लावून काय झिजणार आहे, बाबा?”

काशिरामने स्वच्छ झालेलं भिंग पुन्हा पुसायला घेतलं.

“हाय त्यात एक. मना बगायचंय. तू करून आन, आपन दोगं बसून बगू.”

“काय आहे?”

“बगू ना मंग.”

“पुढच्या रविवारी आणते,” विनिता म्हणाली.

ती निघाली तेव्हा तो नेहमीसारखा फाटकापर्यंत आला. रिक्षावाल्याला म्हणाला, हळू ने, रस्ता खणलाय. विनिताने कॅमेऱ्यासकट पिशवी मांडीवर घेतली. त्या दिवसात याहून वेगळं काही नव्हतं.

रविवार यायच्या आत, एका सकाळी, काशिराम अंगणात तगरीला पाणी घालता घालता पायरीवर बसला. तो दमून बसलाय असंच गुणाबाईला बराच वेळ वाटत राहिलं. पाणी वाहून फाटकापर्यंत गेलं, तेव्हा ती हाका मारत बाहेर आली.

*

तेरावं झाल्यावर विनिताने आत्याला नवीन पनवेलला आपल्या घरी आणलं. पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर होती. स्टेशनजवळच्या दुकानदाराने सांगितलं होतं, ठेवून जा मॅडम, आठवड्यात सीडी देतो. ठेवून जा म्हटल्यावर तिने पिशवी पुन्हा खांद्याला लावली होती.

तिच्या नवऱ्याने, अविनाशने, माळ्यावरचा जुना कम्प्युटर खाली काढला. नव्यात कॅमेऱ्याची वायर जातच नव्हती. टेबलाखाली गुडघ्यांवर बसून त्याने ती जोडली.

“तासाची टेप उतरायला तासच लागणार,” तो धूळ झटकत म्हणाला. “घाई चालत नाही याला. आणि मध्ये थांबवू नकोस. हा कॅमेरा टेप चावायला लागलाय, परत लागेल याचा भरवसा नाही.”

मग तो दूध आणायचं निमित्त काढून खाली गेला.

पडदा निळा होता. दुपारची वेळ, खिडक्यांचे पडदे ओढलेले. त्या निळ्या उजेडात भिंतीवरचं कॅलेंडर, पाण्याचा तांब्या, गुणाबाईचं नऊवारी, सगळं खाडीच्या तळाशी ठेवल्यासारखं दिसू लागलं. मग निळ्यातून चौकोनी ठिपके सुटले, ठिपक्यांचा पिवळा रंग झाला, आणि पिवळ्याची हळद.

हळद बरोबर आली होती. विनिता पाटावर बसलेली, गालांवर हळद, डोळे कॅमेऱ्यापासून चुकवलेले. लग्नाचे धवले गाणाऱ्या बायकांचा सूर लांबून आल्यासारखा, मध्येच पाण्याखाली जाणारा.

“बारीक होतीस गो,” गुणाबाई म्हणाली.

नंतर कुठेतरी फेर चुकला. लग्नाचा मांडव आला तो उलटाच: खाली आभाळ, वर माती. मग चपला. काशिरामच्या, डाव्या अंगठ्याला शिवण घातलेल्या. त्या मंडपात हिंडत होत्या, आचाऱ्याकडे जात होत्या, थबकत होत्या. वरून कुठूनतरी त्याचा आवाज येत होता. भात वाढा रे. पंखा इकडं करा, म्हातारी बसलीय. विनिता पुढे वाकली. आवाजातला श्वाससुद्धा ऐकू येत होता. अंगठ्याची शिवण तिनेच घालून आणली होती, पनवेलच्या एस.टी. स्टँडबाहेरून, ती हे विसरूनच गेली होती.

“मेलेल्या मानसाचे पाय बगत बसायचं का आता?” गुणाबाई म्हणाली. पण ती उठली नाही.

चित्र एकदम सरळ झालं. गल्लीत उभी फुलांनी झाकलेली गाडी, गर्दी, तिच्यात शालूतली विनिता. ती गाडीच्या दाराशी पोचलेली. तिचा हात दारावर.

“थांब,” काशिरामचा आवाज अगदी जवळून आला. “आता घेतो हा.”

आणि बटण दाबल्याचा आवाज झाला.

पुढच्या क्षणी गाडी नव्हती. माती होती, चाकांच्या खुणा होत्या, एक झेंडू होता. आणि त्या चपला.

“गेली गाडी,” टेपेतली गुणाबाई म्हणाली. “चल आता घरी.”

“बाय, वलली का गो ती?”

“कोन?”

“विनिता. मागं वलून बगितला का तिनं?”

टेपेत मागे वाजंत्रीवाले आवरत असल्याचा खडखडाट होता.

“नाय वलली,” टेपेतली गुणाबाई म्हणाली.

“वलली असंल. माजा डोला भरलेला. मना काय दिसतंय?” चपला झेंडूभोवतीनं वळल्या; त्याच्यावर पाय पडू नये म्हणून. “टेपेत आला असंल. टेपेला काय रडू येतं?”

खोलीतली गुणाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. लग्नाच्या सकाळी केसांत गजरा माळताना तीच विनिताच्या कानाशी म्हणाली होती, गाडीत बसताना मागं बगू नको हा पोरी. बगितलंस तर तो सगल्यांदेखत कोसलंल. विनिताला ते शब्द आठवले, त्याबरोबर गजऱ्याचा ओलेपणाही. तिने आत्याकडे पाहिलं नाही. नुसता हात लांब केला आणि पदराचं ते टोक तिच्या बोटांतून सोडवून हात हातात घेतला.

पडद्यावर काशिराम रिकाम्या गल्लीतून घराकडे चालला होता. उन्हाचा एक चौकोन, मग सावली, मग पुन्हा उन्हाचा चौकोन. तो काहीतरी गुणगुणत होता. बायकांनी सकाळी म्हटलेला धवला, शब्द विसरलेला. फाटक करकरलं. अंगणातल्या तगरीची खालची फांदी चित्रात आली आणि गेली. पायरीपाशी चपला थांबल्या.

टेप संपली नव्हती. चपला नुसत्या थांबल्या होत्या, आतून कुणी हाक मारेल म्हणून माणूस थांबतो तशा.

विनिता खुर्चीतून उतरली आणि पडद्यासमोर जमिनीवर बसली.

“वळले होते मी, बाबा,” ती म्हणाली. “तिथं नाही, पुढे. हायवेला लागताना ट्रक जाईपर्यंत गाडी थांबली होती, तेव्हा. मागच्या काचेवर फुलं होती, ती बाजूला केली. तू गल्लीच्या तोंडाशी उभा होतास, कॅमेरा अजून डोळ्याला लावलेला. गाडी सुटून तू दिसेनासा झालास, तरी मी तिकडेच बघत होते.”