शिवलेलं कार्ड

माझ्या ताईचा नातू एक वर्षाचा झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. त्या जानेवारीत कोरियातल्या आमच्या चुनचन गावची नदी या काठापासून त्या काठापर्यंत गोठली होती.

काप्सुन माझी थोरली बहीण. मुलगा थेशिक आणि सून युनजू यांच्याकडे राहायची. दाराच्या कुलपाचा नंबर तिच्या लक्षात राहीना, म्हणून थेशिकने बँकेचं एक कार्डच कुलपात नोंदवून तिला दिलं. ते तिच्या परकराच्या आतल्या खिशात असायचं. ताई कंबर कुलपाला टेकवायची, दार उघडायचं. शेजारणी हसायच्या, तीही हसायची.

एकदा तिने त्या कार्डावर नातवाला लोकरीचा कोट घेतला. युनजूला ते खपलं नाही. मग थेशिकने आईला समोर बसवलं.

"आई, हल्लीचे चोर हात लावत नाहीत. बसमध्ये यंत्र घेऊन नुसते मागे उभे राहतात. कार्ड खिशातल्या खिशात रिकामं होतं."

"मग करू काय रे?"

"चांदीच्या कागदात गुंडाळ. आणि बाहेर काढूच नकोस."

ताईला ते खरंच वाटलं. नातवाच्या वाढदिवसाच्या सकाळी तिने खायच्या भाजलेल्या समुद्री शेवाळाच्या पाकिटाचा चंदेरी कागद दुहेरी करून कार्डाभोवती गुंडाळला आणि खिशाचं तोंड मासेमारीच्या दोऱ्याने शिवून टाकलं. "आता येऊ दे चोर," मला म्हणाली.

वाढदिवसासाठी भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये युनजूने नाक मुरडलं. "आईंच्या अंगाला शेवाळाचा वास येतोय. फोटोत तर बसवता येणार नाही. मग थांबून काय करणार?" ताईला एकटीला बसने घरी धाडलं.

थोड्या वेळाने थेशिकचा फोन वाजला. दारावरची घंटा दाबली की त्याच्या फोनवर चित्र यायचं. घराच्या दाराबाहेरच्या उघड्या गॅलरीत ताई कुलपाला कंबर टेकवत होती. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आवाज बंद होता, ओठ मात्र हलत होते.

"अरे, त्या कागदामुळे उघडत नाहीये," मी म्हटलं. "फोनवरून उघड."

थेशिकने बोट पुढे केलं.

"थांबा हो," युनजू म्हणाली. "किती छान नाचतायत. सगळ्यांना बघू दे."

फोन टेबलाभोवती फिरला. "कमरेला तेल घाला म्हणावं," व्याही म्हणाले.

"थेशिक, बाहेर थंडी आहे. आणि शेजाऱ्यांची दारं वाजवायला तुम्हीच तिला बंदी केली आहे."

"उघडतो गं मावशी. जरा शिवण उसवू दे तिला, मग अक्कल येईल."

तेवढ्यात बाळासमोर ताट आलं. बाळ जे उचलेल, ते त्याचं नशीब. ताटात दोरा होता, पेन्सिल होती, चेंडू होता. थेशिकने आपलं नवं कार्डही ठेवलं होतं. बाळाने तेच उचललं. टाळ्या पडल्या. फोटोवाल्याने सगळ्यांना फोन बाजूला ठेवायला सांगितलं. थेशिकने दार न उघडताच आपला ठेवला.

मी माझा कोट उचलून ताईकडे निघाले. पुलावर अपघात झाला होता, बस कितीतरी वेळ अडकून पडली.

ताई दाराशी बसली होती. परकर गुडघ्यावर ओढलेला, शिवण तोंडात. बोटं काळीनिळी पडली होती. ओठ दोऱ्याने कापले होते, दोरा तुटला नव्हता.

इस्पितळात नर्सने खिसा कात्रीने कापला. थेशिकने त्याच कार्डाने बिल भरलं. यंत्राला टेकवताच पैसे गेले.

काप्सुन दुसऱ्या दिवशी, एकोणीस जानेवारीला, सकाळी वारली.