ठिपकीला धरताना

मित्रांनो, मागच्या अंगणातल्या दोरीवर मधोमध विरलेला, कधीकाळी पांढरा असलेला एक टॉवेल वाळतो आहे ना, तो मी. कुणी वळून पाहावं असं माझ्यात आता काही उरलेलं नाही. पण एका कोंबडीची धडधड मी अंगावर झेलली आहे आणि ती आठवली की आजही माझं पाणी पाणी होतं. तेवढं तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका गिरणीतल्या खडखडणाऱ्या मागावर झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मला केस कापायच्या एका दुकानात आणलं गेलं. दुकानाचे मालक अबोल, पण हाताचे हलके. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ते मला झटकून त्याच्या गळ्याभोवती टाकत. वस्तरा हनुवटीखाली आला की भलेभले मिशीवालेही आवंढा गिळत, आणि तो आवंढा मालकांच्या आधी मला कळे. लहान मुलं तर मला रडून भिजवत. टॉवेल मऊ ठेवलेत हो, असं एखादं गिऱ्हाईक म्हणालं की मी उन्हात न वाळताही फुगत असे.

मग मालक आजारी पडले आणि गेले. दुकानाला कुलूप लागलं. त्यांच्या बायकोने आम्हा टॉवेलांचं गाठोडं घरी आणलं. घरात त्या आणि मालकांची थोरली बहीण, अशा दोघीच राहत. नणंद भावजयीला वहिनी म्हणे, भावजय नणंदेला वन्सं म्हणे. मीही तसंच म्हणेन. वहिनी सकाळी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला जात. वन्सं घरीच शिवणयंत्रावर बसत. माझे भाऊ एकेक करून फरशी पुसायला गेले. माझ्या नशिबी कोंबड्यांचं खुराडं आलं.

खुराड्यात दोघी होत्या, काळी आणि ठिपकी. आधी काळी आजारी पडली. वहिनी कामावर गेलेल्या. काळी मान टाकून बसलेली पाहून वन्सं घाबरल्या. त्यांनी तिची चोच उघडली आणि चमच्याने पाणी ओतलं. काळीने मान झटकली, तिच्या घशात घरघर झाली. वन्संनी मला ओढलं, तिला गुंडाळलं आणि छातीशी धरलं. माझ्या घडीतच तिची धडधड थांबली.

वहिनी परतल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "एवढी घाई कशाला केलीत?"

त्यानंतर त्या घरात बोलणं उरलं ते दूध आलं का आणि कडी लावली का, इतकंच. मला धुऊन वाळत घातलं, पण ती थांबलेली धडधड काही माझ्यातून धुतली गेली नाही.

पुढे ठिपकीने दाणा टिपायचं सोडलं. पिसं फुलवून, डोळे मिटून ती एका कोपऱ्यात बसू लागली. तिचा तुरा फिका पडला. उचलली तर छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं बोटांना लागत होतं. या वेळी वहिनींनी रजा टाकली, मला टोपलीत अंथरलं, ठिपकीला माझ्यावर बसवलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वन्सं मागे मागे आल्या.

डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, इंजेक्शन दिलं. गळ्याखालची दाण्याची पिशवी दाबून पाहिली. ती रिकामी आणि मऊ होती, म्हणून नळीने भरवता येईल, असं त्या म्हणाल्या. पिशवी टणक असती किंवा तिला आंबूस वास असता, तर भरवू दिलं नसतं. त्यांनी एक मऊ, गोल टोकाची नळी घेतली, चोचीपासून त्या पिशवीपर्यंत मापली आणि तिच्यावर शाईने खूण केली. मग स्वतः एकदा भरवून दाखवलं. पक्षी गार पडला असेल तर आधी त्याला ऊब द्यायची. पहिल्यांदा नुसतं कोमट पाणी आणि क्षार, पातळ खाणं त्यानंतर. जिभेच्या मुळाशी उघडझाप करणारी फट दिसते, ती श्वासनळी, तिच्या वाटेला जायचं नाही. नळी तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून आत आणि घशाच्या उजव्या बाजूने खाली. आणि अडली तर रेटायची नाही.

निघताना त्या वन्संकडे पाहून म्हणाल्या, "उपाशी पक्षी थोडा वेळ तग धरतो. श्वासनळीत गेलेल्या घोटापुढे तग धरत नाही. घाई करू नका."

घाई हा शब्द ऐकला आणि वन्संची मान खाली गेली.

घरी दिव्याच्या उबेत ठिपकी जराशी सावरली. दुपारी वहिनींनी पाणी कोमट केलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला, सिरिंज भरून तिला नळी जोडली, हवा काढली, नळी ओली केली. वन्संनी ठिपकीला माझ्यात गुंडाळून उभं धरलं. वहिनींनी चोच उघडली, आत पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता.

"वन्सं, नळी तुम्ही घाला. मला ती फट दिसत नाही."

"मी पुन्हा एक मारणार नाही," वन्सं म्हणाल्या.

वहिनींनी सिरिंज त्यांच्या हातात दिली, मला आणि ठिपकीला आपल्या मांडीवर घेतलं.

"धरायला मी आहे ना," त्या म्हणाल्या. "काही झालंच तर दोघींच्या हातून होईल."

सुईत दोरा ओवताना कधी न हललेले वन्संचे हात थरथरत होते. नळी आत गेली, ठिपकीने मान झटकली. वन्संनी नळी तत्काळ बाहेर काढली. पुन्हा डाव्या कोपऱ्यातून, सावकाश. या वेळी नळी घसरत खाली गेली आणि खूण चोचीशी आली. वन्संनी मानेवर बोटं ठेवली. एक नळी कडक, कड्याकड्यांची, ती श्वासाची. तिच्या शेजारी दुसरी, आत घातलेली, हाताला लागायला हवी होती. त्या चाचपत राहिल्या.

आणि मित्रांनो, इकडे माझ्या आत भलतंच चाललं होतं. ठिपकी निसटेल या भीतीने वहिनींनी मला आवळलं होतं. कोंबडीची छाती हलली तरच तिला श्वास घेता येतो, आणि मी तिच्या छातीवर दोरखंडासारखा आवळला गेलो होतो. तिची छाती मला रेटत होती, मग कमी रेटू लागली. काळीचं अंग असंच मऊ पडत गेलं होतं. मला ओरडायचं होतं. टॉवेलाला कुठून आवाज असणार?

"वहिनी, सैल करा," वन्सं म्हणाल्या. त्यांनी नळी चिमटीत दाबून अलगद बाहेर काढली होती. "तिला श्वास घेता येत नाही."

वहिनींनी हात सोडले. मी ढिला पडलो. ठिपकीने आ वासला, तिची छाती एकदा वर आली, पुन्हा आली. वहिनींचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा झाला होता. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्हीही अशाच घाबरला होतात?"

"मग काय," वन्सं म्हणाल्या.

ठिपकीचा श्वास नीट चालू लागल्यावर त्यांनी पुन्हा सुरुवात केली. मी आता सैल होतो. वन्संच्या बोटांना दोन्ही नळ्या लागल्या. थोडंसं पाणी, मग थांबून तोंडात पाहणं, मग आणखी थोडं. तोंडात पाणी वर आलं नाही. गळ्याखालची पिशवी हळूच भरली.

भीती तिथे संपली नाही. प्रत्येक वेळी नळी आत जाताना दोघी श्वास रोखत आणि मीही. मध्येच एकदा पिशवी रिकामीच होईना. ठिपकी भुकेली दिसत होती, तरी वहिनींनी सिरिंज भरली नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि त्यांनी सांगितलं तशी वाट पाहिली. दोघी आळीपाळीने पिशवी चाचपत, एकमेकींकडे पाहत. पिशवी ओसरली तेव्हा वहिनी पदरात तोंड लपवून रडल्या आणि वन्संनी त्यांना चहा करून दिला.

पुढे एका सकाळी मला उलगडलं, तर ठिपकीने मान वळवली आणि माझ्या काठाचा लोंबता दोरा टोचला. किडाच वाटला असेल. ती दोरा गिळू लागली. वन्संनी झडप घालून तो तिच्या चोचीतून काढला आणि तिथल्या तिथे कात्रीने माझे सगळे लोंबते दोरे छाटले. डोक्यावर केस राहिले नाहीत माझ्या, पण तक्रार नाही. वहिनींनी घाईघाईने तळहातावर दाणे धरले. ठिपकीने एक टिपला, मान तिरकी करून विचार केला, मग दुसरा टिपला. दोघी इतक्या स्तब्ध बसल्या की जणू टाळी वाजली तर ती खाणं विसरेल.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं आजारी पडलं, तर आधी जाणत्या डॉक्टरांकडे जा, आणि नळी त्यांनी शिकवल्याशिवाय हातात घेऊ नका. हात थरथरला तर लाजू नका, थांबा. मी दोन कोंबड्यांना धरलं आहे. दोन्ही वेळा धरणाऱ्याचा जीव तिच्यात होता, दोन्ही वेळा तो घाबरलेला होता. म्हणून एवढंच मागतो. ज्याला जपायचं आहे त्याला घट्ट धरलंत, तर मधूनमधून आपल्या हातांकडे पाहा. आतल्याला श्वास घेता येतो आहे का, ते पाहा.