गाभाऱ्यात अक्कासाहेब

कृष्णराज पाटलानं फोटो पुढं केला तेव्हा बब्रुवान सुतारानं हात झटकायचेही कष्ट घेतले नाहीत. भुशानं माखलेल्या बोटांनीच त्यानं तो घेतला. काचेवर अक्कासाहेबांच्या गालापाशी पिवळट ठसा उमटला.

"नीट धर," कृष्णराज म्हणाला. "एकच फोटो आहे तिचा चांगला."

"ह्येचं काय करायचं म्या?"

"देवीचं तोंड यावरून करायचं. गाभारा मी आईच्या नावानं बांधतोय. लक्ष्मीआईत आई दिसली पाहिजे. आपलं दोघांचं बोलणं दोघांतच राहील."

बेलखेड्याची लक्ष्मीआई पहिल्यापासून लाकडाची. लोहाऱ्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या अंगानं गेलं की अशा लाकडी देव्या अजून दिसतात. लाल रंगाच्या, टपोऱ्या डोळ्यांच्या. जुनी मूर्ती बब्रुवानच्या आज्यानं घडवलेली. तिला पाठीकडून वाळवी लागली आणि गावानं वाजतगाजत तिचं विसर्जन केलं. नवी मूर्ती बब्रुवानच करणार हे ठरलेलं होतं. शिवणीचा ओंडका दोन उन्हाळे सावलीत वाळवून त्यानं तयार ठेवला होता. पण त्या लाकडाला अक्कासाहेबांचं तोंड द्यायचं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

फोटो कृष्णराजवर फेकावा असं त्याला वाटलं. अक्कासाहेब म्हणजे कृष्णराजची आई. तिला जाऊन वर्ष झालं होतं, आणि गावातल्या बायका अजून तिचं नाव मोठ्यानं घेत नव्हत्या. बब्रुवान दहा वर्षांचा असताना त्याचा बाप वारला. त्याच साली धाकटी बहीण तापानं फणफणली. घरात दुसरी बाई नाही म्हणून त्याची माय, कोंडाबाई, स्वतःच देवीची ओटी घेऊन देवळात गेली. अक्कासाहेब तिथं उभी होती. "रांडमुंड बाई वर आली कशी?" एवढंच ती म्हणाली आणि ताट पायानं उडवलं. नारळ गडगडत खाली गेला. माय पायऱ्यांवर बसून तांदूळ वेचत होती, बब्रुवान तिच्याबरोबर वेचत होता, आणि वरून अक्कासाहेब बघत होती. खालचा ओठ आत दाबलेला, डावी भुवई चढलेली, नाकपुड्या फुललेल्या. बहीण पुढं बरी झाली, तेर गावी दिली, तिला नातवंडंही झाली. पण माय त्या देवळाची पायरी पुन्हा चढली नाही.

ते तोंड बब्रुवानला फोटोशिवाय पाठ होतं. फोटोतली बाई तर हसत होती. स्टुडिओवाल्यानं तिच्या सुरकुत्याही पुसून टाकल्या होत्या.

"करतो," तो म्हणाला. "पर मदीमदी बघायला यायचं न्हाय. झाल्यावर बोलवीन."

कृष्णराजला त्याचा तो आवाज आवडला नाही. जाताजाता तो म्हणाला, "काम मनापासून कर. तुमच्या लोकांचं निम्मं लक्ष तंबाखूत असतं."

बब्रुवाननं मनापासूनच केलं. धड, हात, पाय, पायाखालचा रेडा, हे सगळं आज्याच्या मापानं. ते करताना तो बायकोशी बोलायचा, चहा मागायचा. तोंडाला हात घातल्यावर मात्र त्यानं शेडचं दार आतून लावून घेतलं. पटाशीचा एकेक टोला जपून, एखाद्याच्या कानात शिवी सांगावी तसा. ओठ आत दाबला. भुवई चढवली. नाकपुडीच्या कडेला लाकडाची रग, म्हणजे आतला धागा, आडवी येत होती, तिथं तो दिवसभर बसला, पण नाकपुडी फुलवलीच. काचकागदानं घासून हात फिरवला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला, आणि बरंही वाटलं. साऱ्या गावासमोर तिचं खरं तोंड उघडं पडणार होतं. तिच्या पोरानंच ते मागून घेतलं होतं.

बायको शिवलीला भाकरी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"ही लक्ष्मीआई हाय व्हय?"

"मग कोण हाय?"

"मला इचारू नका. देवीच्या लाकडात वैर घालायलाय तुमी. ह्ये बरं न्हवं."

"तू भाकर ठिव आन जा."

रंग चढला, डोळे तेवढे कोरे राहिले. ते मूर्ती बसवायच्या दिवशी पडद्याआड उघडायचे असतात. बब्रुवाननं कृष्णराजला निरोप धाडला.

कृष्णराज मोबाईलवर बोलतबोलत आत आला. मूर्तीकडं नजर गेली आणि त्याचं बोलणं तुटलं. खिशातला हात आपोआप बाहेर आला. शर्टाची वरची गुंडी त्यानं लावली. पन्नाशीचा माणूस, पण क्षणभर शाळा बुडवून घरी सापडलेल्या पोरासारखा उभा राहिला. बब्रुवान ते बघत होता, आणि आतून त्याला हसू फुटत होतं.

"ही काय माझी आई आहे?" कृष्णराजचा आवाज चढला. "आई अशी नव्हती. फोटोत बघ कशी हसते! मुद्दाम केलंस तू हे."

"मालक, म्या फोटो न्हाय बघितला. म्या त्यास्नी बघितलं व्हतं."

"तोंड सांभाळून बोल. लाकूड तासणारा माणूस तू, मला माझी आई शिकवतोस?"

आता तो हात उचलतो की काय असं वाटत असतानाच रानातून परतणाऱ्या दोन बायका रस्त्यावरून आल्या. मूर्ती झाली का बघावं म्हणून त्या उघड्या दारातून डोकावल्या. दोघींचाही हात एकदमच पदराकडं गेला. पदर पुढं ओढून, मान खाली घालून, एक शब्द न बोलता त्या भिंतीच्या कडेकडेनं निघून गेल्या. जणू अक्कासाहेबच दारात बसली होती.

कृष्णराज त्या गेल्या तिकडं बघत राहिला. मग मूर्तीकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं.

"राहू दे," तो म्हणाला. "असंच राहू दे. गावाला जरा धाक राहील. आई गेल्यापासून कुणाला कुणाचं भ्यावच उरलं नाही."

हे बब्रुवाननं धरलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई काठी टेकत शेडमध्ये आली. शिवलीलानं तिला सांगितलं असावं. म्हातारीला आता फारसं दिसत नव्हतं. ती मूर्तीजवळ गेली, हात वर केला आणि बोटांनी चाचपू लागली. हनुवटी, गाल, नाक. ओठावर आली तेव्हा बोटं विस्तवाला लागल्यासारखी मागं आली.

"बब्र्या, ही ती हाय."

"व्हय माय. जशी व्हती तशीच केली. बघू दे की समद्यास्नी."

"काय बघू दे?" म्हातारी कडाडली. "मेली व्हती ती! जाळून राख झाली व्हती. तिनं मला पायरीवरनं हाकललं, आन तू तिला आत न्हेऊन बसवलंस. आता गावच्या लेकीबाळी तिच्या पाया पडतील. तुझी बायको पडंल. म्या मेल्यावर माझ्या नावाचा निवद बी तिलाच दावशील. ह्यो सूड घेतलास व्हय रं?"

"माय, म्या तुझ्यासाठीच—"

"माझ्यासाठी? मला इचारलंस कवा?"

ती थुंकली. मूर्तीवर नाही, त्याच्या पायाशी.

बब्रुवान तसाच उठून पाटलाच्या घरी गेला. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं आठ दिवस मागितले. तोंड बदलून देतो म्हणाला, हसरं करतो म्हणाला, फोटोबरहुकूम.

कृष्णराज झोपाळ्यावर बसून पाय हलवत होता. "काल तर तुला फार माहीत होतं माझ्या आईबद्दल. आज काय झालं?"

"चूक झाली म्हणा."

"चूक नाही झाली. पहिल्यांदा एखादं काम बरोबर केलंस तू." त्यानं गड्याला हाक मारली. "ट्रॅक्टर काढ. मूर्ती आत्ताच देवळात घेऊन जा. आणि सुताराला तोवर इथंच बसव."

दुपारपर्यंत बब्रुवान पाटलाच्या ओट्यावर बसून होता. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

मूर्ती बसवायच्या दिवशी सारा गाव लोटला. नव्या गाभाऱ्याला फरशी, दिवे, माइक. पायऱ्यांवर बायकांची रांग. गुरुलिंग स्वामी, देवळाचे पुजारी, पडद्याच्या आत आरसा आणि चांदीची सळई घेऊन बसले होते. डोळे उघडायचा मान घडवणाऱ्याचा, म्हणून बब्रुवानला बोलावणं भागच होतं. तो आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आला. पडद्याआड ते दोघंच.

"ही पटाशी कशाला आणलीस?" स्वामींनी विचारलं.

"डोळ्याच्या कडंला रग उभी ऱ्हायलीय, स्वामी."

स्वामींनी मान हलवली आणि आरसा पुसायला घेतला. बब्रुवाननं अक्कासाहेबांच्या त्या तोंडाकडं पाहिलं. आयुष्यात इतकं चांगलं काम त्याच्या हातून झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं, हे त्याला कळत होतं. त्यानं पटाशी नाकाच्या मुळाशी लावली आणि वर लाकडी मोगरी हाणली. पहिल्या घावाला नाकपुडी उडाली. दुसऱ्याला ओठ. तिसऱ्याला चीर थेट गालातून कानापर्यंत गेली.

"अरे काय केलंस! खंडित केलीस रे!" स्वामींच्या हातून आरसा निसटला.

पडदा ओढला गेला. बाहेर एकच गलका उठला आणि मग एकदम थांबला. कृष्णराज दोन ढांगांत आत आला आणि त्यानं बब्रुवानच्या कानाखाली ठेवून दिली. बब्रुवान भिंतीवर आदळला, पण पडला नाही. तोंडात रक्ताची चव आली.

"देवीवर हत्यार चालवलंस! हात तोडीन तुझे!"

"देवी कुठाय हितं?" बब्रुवान रांगेकडं हात करून ओरडला. "सांगा की गं बायांनू! ही कोण व्हती ते तुमाला कळलं न्हवतं का?"

शेडपासून पदर ओढून गेलेल्या त्या दोघी पुढंच उभ्या होत्या. एकीनं नजर चुकवली. दुसरी म्हणाली, "आमाला काय ठावं? आमाला तर लक्ष्मीआईच दिसली." आणि कुणाच्या तरी हातातला नारळ येऊन बब्रुवानच्या खांद्यावर बसला. मग चपला, मग लाथा. स्वामी आडवे पडले म्हणून तो जिवंत बाहेर आला.

लोहाऱ्याच्या पोलीस ठाण्यात त्याच्यावर तक्रार झाली. गावानं बैठक बोलावली: देवळापुढं नाक घासायचं, चुकलो म्हणायचं, की मिटलं. बब्रुवान गेला नाही. तेव्हा त्याच्या शेडचे पत्रे उचकटले गेले. दळण, दुकान, दूध बंद झालं. तक्रारीचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तिथं अजून लोंबकळतंय. महिन्याभरात तो बायकोला आणि मायला घेऊन कळंबला आला, एका फर्निचरवाल्याच्या हाताखाली चौकटी करायला.

माय टेम्पोत हत्यारांच्या पेटीवर बसून आली. वाटेत बब्रुवान तिला म्हणाला, "आता तर ती गाभाऱ्यात न्हाय ना, माय?"

म्हातारीनं पेटीची कडी घट्ट धरली. मग म्हणाली, "म्या तोंड बदल म्हणले असते. फोड म्हणले न्हवते. माझ्या सासऱ्याच्या हातची देवी जिथं बसली, तिथं तू घाव घातलास. पहिल्यांदा बी तुझंच खरं केलंस, आन दुसऱ्यांदा बी. म्या त्या पाटलिणीला माफ केलं न्हाय, तुला तरी का करू?"

त्यानंतर ती त्याच्याशी फारसं बोललीच नाही. भाकरी वाढली की खायची, औषध दिलं की घ्यायची.

दिवाळीनंतर बेलखेड्याचा एक माणूस बाजाराला आला होता. त्यानं दुकानात बसून सगळी हकिकत सांगितली. कृष्णराजनं बाहेरून संगमरवरी मूर्ती आणली होती. गोरी, हसरी, कॅलेंडरवर असते तशी. गाभाऱ्यात आता तीच. पण सभामंडपात, आत शिरताच समोर, अक्कासाहेबांचा माणसाएवढा फोटो लावला होता, हार घालून. बायका आत जाताना आधी त्याच्यापुढं वाकतात. नाही वाकल्या तर कृष्णराजची माणसं नाव विचारतात.

"तुझी फुटकी मूर्ती स्वामींनी नदीला सोडली," तो माणूस म्हणाला. "लई रडले लेकरागत. म्हणले, काम लई सुरेख व्हतं."

बब्रुवाननं रंधा थांबवला नाही. चौकट दुसऱ्या दिवशी द्यायची होती. तो माणूस चहा पिऊन उठला आणि जाताजाता सहज म्हणाला, "येतोस का एकदा गावाकडं? पाटलाचा राग उतरलाय आता जरा."

"माझा न्हाय उतरला," बब्रुवान म्हणाला, आणि लाकूड उलटं करून दुसरी बाजू तासायला घेतली.