जेवढी पोरं, तेवढ्या गाठी

मित्रांनो, मी दोर आहे. काथ्याचा, अंगठ्याएवढा जाड आणि आता पुरता जुना. जुन्या वस्तूंनी गोड बोलावं, उसासे टाकत आठवणी सांगाव्यात असा रिवाज आहे म्हणे. मला ते जमायचं नाही. मला राग आलाय, आणि तीन पावसाळे भिंतीवरच्या खिळ्याला लटकूनही तो गेलेला नाही.

माझा जन्म कोलशेतच्या खाडीकाठचा. नारळाची सोडणं खाऱ्या चिखलात कुजवली, बडवली, पिळली, तेव्हा कुठे मी झालो. आवडाबाईच्या नवऱ्याची मिठाची होडी होती, ती काठाला बांधून ठेवायचं काम माझं. पुढे तो गेला, होडी विकली गेली, आणि मी आवडाबाईच्या पडवीत वेटोळं घालून पडलो.

स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. गावात महिपत गुरुजी आले. देशावरचे, उंच, आवाज खणखणीत. शाळा मंजूर झाली होती, पण खोलीचा पत्ता नव्हता. गुरुजींनी लहानग्यांना गोळा केलं आणि गावामागच्या रानात नेऊन बसवलं. पण पोरंच ती! कुणी बोरांमागे पळे, कुणी सरड्यामागे. आया धास्तावल्या आणि मुलांना पाठवीनात. तेव्हा आवडाबाई मला खांद्यावर टाकून रानात आली.

"ह्यो धर, मास्तर," ती म्हणाली. "यानं आमची होरी कदी वाहू दिली नाय. तुजी पोरं पन देनार नाय."

गुरुजींनी माझ्या अंगावर गाठी मारल्या. जेवढी पोरं, तेवढ्या गाठी, आणि ज्याची त्याची गाठ ठरलेली. नवं पोर आलं की नवी गाठ. नियम एकच होता. दोर दिसला की आपली गाठ धरायची, आणि गुरुजी 'सोडा' म्हणेपर्यंत काय वाट्टेल ते होवो, सोडायची नाही. पहिली गाठ धाकूची, कारण तो सर्वांत पळपुटा. शेवटची लक्ष्मीची. ती पंढरीशेटची मुलगी, म्हणजे ज्याचं ते रान त्याचीच. तिचा हात सदा चिंचेने चिकट, त्यामुळे माझी ती गाठ काळी पडली ती आजतागायत.

काय दिवस होते ते! बेहड्याच्या बियांवर बेरजा व्हायच्या आणि धुळीत काटकीने अक्षरं उमटायची. डोळे मिटून झाडाला हात लावायचा आणि नाव सांगायचं, हा तर पोरांचा आवडता खेळ. लक्ष्मी ऐनाचं झाड ओळखायला कधीच चुकली नाही. गुरुजींनी कसं ओळखलंस म्हणून विचारलं, तर म्हणाली की आयेची टाच अशीच भेगाळलेली आहे. गुरुजी हसले, पण फळ्याविना शाळा चालते हे त्या दिवशी त्यांनाही पटलं असावं.

त्या ऐनाच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी होती. होळीनंतर ढोलीतून दोन पिल्लं डोकावू लागली, नुसते डोळेच डोळे. पोरं रोज आधी तिकडे धाव घेत. पिल्लं उडाली की सगळ्यांना गूळ-शेंगदाणे, असं गुरुजींनी कबूल केलं होतं. गुळापायी नाही हो, पण ती पिल्लं उडताना बघायचीच असं प्रत्येकाने मनाशी धरलं होतं.

आणि मग तपासणीला साहेब आले. झाडाखाली बसलेली पोरं बघून त्यांनी नाक मुरडलं. पावसाआधी छप्पर दिसलं नाही तर ही शाळा बंद, मुलांनी माजिवड्याला जावं, असं सुनावून ते मोटारीत बसले. सहा वर्षांची पोरं रोज दीड कोस चालत माजिवड्याला जाणार होती, म्हणजे विचार करा!

गाव जमलं. श्रमदानाने खोली बांधायची ठरलं. इथवर माझी काही तक्रार नाही. छपराच्या आढ्याला लांब सरळ लाकूड हवं होतं. पंढरीशेट छाती पुढे काढून म्हणाले, पोरं बसतात तिथला माझा ऐन घ्या. तसा आणखी एक ऐन खाडीकडच्या उतारावर होता, तोही त्यांचाच, पण तिथून ओंडका ओढायला बैल जुंपावे लागले असते. एवढा त्रास कोण घेतो? ढोलीतली पिल्लं गुरुजींना ठाऊक होती. उतारावरचा तोडा म्हणायचं, नाहीतर पंधरा दिवस थांबा म्हणायचं. पण माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. तेव्हापासून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली आहे, मला तळपाय नसला तरी.

झाड हव्या त्या बाजूला पाडायला दोर लागतो. दोर कुठला, तर मी! पंढरीशेटनी मला हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, गाठी आहेत हे बरंच झालं, हात सरकणार नाहीत. पोरांच्या हातांसाठी मारलेल्या गाठी त्या! गावातल्या तानाजीने वर चढून माझं डोकं ऐनाला बांधलं. खाली कुऱ्हाड चालू झाली. दोन बाजूंनी बुंधा खाल्ला गेला आणि बाप्ये मला धरून उभे राहिले.

तेवढ्यात पोरं आली. रडली नाहीत, ओरडली नाहीत. दोर दिसला, तशी धावत येऊन बापांच्या हातांमधून जो तो आपापली गाठ धरून उभा राहिला. धाकूची गाठ वर झाडाला गेली होती, तो माझ्याखाली नुसता हात उंच करून उभा राहिला. ओढणार कसं? कुऱ्हाड थांबली.

"लक्ष्मे, सोड," पंढरीशेट म्हणाले.

"गुरुजीनी सांगला नाय," ती म्हणाली.

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. मग त्यांचा तो खणखणीत आवाज, जेमतेम ऐकू येईल असा आला.

"सोडा."

पोरांनी सोडलं. शिकवलेलं होतं ना! लक्ष्मीने सर्वांत शेवटी सोडलं. बुंधा कापलेला होता, पोरांच्या जिवाला धोका होता, हे मला कळतं. पण तिथे मोठेही होते आणि लहानही. मोठ्यांना थांबा म्हणता आलं असतं. गुरुजींनी ज्यांना ऐकायची सवय होती, त्यांनाच सांगितलं.

झाड पडलं. एक पिल्लू जागच्या जागी गेलं. दुसरं आवडाबाईने पदरात घेतलं, ते दिवेलागणीपर्यंत टिकलं. पिंगळ्यांची जोडी पुढे कितीतरी दिवस त्या उघड्या आभाळात ओरडत फिरली.

खोली झाली. दारावर पंढरीशेटच्या नावाची पाटी लागली, साहेब खूश झाले, भिंतीवर झाडाच्या भागांचं रंगीत चित्र आलं. पोरं त्यावरून खोड, फांदी, पान असं घोकू लागली. वर आढ्याला ऐन होता, पण त्याची साल तासून टाकलेली.

पावसाळा सरल्यावर एके दिवशी गुरुजींनी मला खिळ्यावरून काढलं. चला रे, रानात जाऊ, गाठी धरा, असं म्हणाले. मी नव्या जमिनीवर लांबलचक पसरलो आणि वाट बघत राहिलो. एकही हात आला नाही. लक्ष्मीने तर दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तुमी परत सोडा म्हनाल," ती म्हणाली.

गुरुजींनी मला गुंडाळून पुन्हा खिळ्याला लावलं. त्या दिवशी त्यांनी धडा काही घेतला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या शब्दाखातर हातातलं सोडून देणारं कुणीतरी लहान तुमच्याही समोर असेल. त्याला 'सोड' म्हणण्याआधी कुऱ्हाडवाल्याला 'थांब' म्हणून बघा. आणि रानात जायचं झालं तर मला खाली काढा, माझ्या गाठी अजून पक्क्या आहेत. फक्त शेवटची काळी गाठ धरू नका. ती लक्ष्मीची आहे.